पैकूच्या ओंडक्यातला खिळा

ऐका गा, जवळ सरका. शेकोटीत लाकूड टाका, पण आधी बघा, त्यात खिळा नाही ना. हसू नका!

आपलं सागटोला गाव सागवान तोडूनच उभं राहिलं. म्हणून दिवाळीनंतरच्या मंडईत, आपल्या जत्रेत, ओंडका तोडायची शर्यत, पणजोबांपासूनची. पैकू मडावी म्हातारा झाला, तरी त्याला कोणी हरवलं नव्हतं. आणि शर्यतीतल्या त्या जवान इस्तारीनं काय केलं? पैकूच्या ओंडक्यात, सालीखाली, खिळा ठोकला! कुऱ्हाडीची धार तुटली, म्हातारा हरला, इस्तारी जिंकला. लोक ओरडले, "बुढ्या, घरी बस!" बसला. पावसाळ्याआधी मेला. राग नाही येत तुम्हाला? मला अजून येतो!

पुढच्या मंडईतही इस्तारीच जिंकला. बक्षिसाची कुऱ्हाड खांद्यावर टाकून, अंधार पडल्यावर, जुन्या लाकूड-डेपोच्या वाटेनं एकटाच निघाला. ठक. ठक.

"कोण बे चोर?"

आवाज बंद. चालू लागला. ठक! आता पाठीमागे. वळला, तर वाटेत दोन ओंडके आडवे. एकावर पैकू उभा!

"एक डाव होऊन जाऊ दे, इस्तारी."

आपल्यात डावाला बोलावलं की पाठ दाखवत नाहीत. इस्तारीनं घाव घातला. खण्ण! ठिणगी उडाली. बाजूला घातला. खण्ण! जिथं मारावं तिथं खिळा, बाप्पा! नव्या कुऱ्हाडीची करवत झाली. पैकूचा ओंडका मात्र काकडीसारखा तुटला.

"लाकूड संपलं," पैकू म्हणाला. "आता तू आडवा हो."

कुऱ्हाड वर गेली. तेव्हा इस्तारीला रीत आठवली. हरणाऱ्यानं आपली कुऱ्हाड जिंकणाऱ्याच्या पायाशी ठेवायची. ठेवली. रडत ओरडला, "काका, खिळा मी ठोकला!"

घाव कानाजवळून गेला, जमिनीत रुतला.

"मला काऊन सांगतोस? मंडईत सांग!"

पळाला तो. सकाळी मंडई उठायच्या आत भोंग्यावरून सगळं सांगितलंही. आणि शर्यतीच्या पंचांनी काय केलं? भोंगाच बंद केला! म्हणे, "पाहुणे आलेत, गावाची शोभा जाते." जिंकणाऱ्यांच्या फलकावर अजून इस्तारीचंच नाव. तो स्वतः म्हणतो पुसा, तरी पुसत नाहीत!

ऐकलंत? ठक... तोच. म्हणून सांगतो, मंडईत पैकूचं नाव पुकारत नाहीत तोवर डेपोच्या वाटेनं रात्री जाऊ नका. आणि पंच असाल, तर दिवसाही नाही.