उलटा आठ

नाही नाही, तो फोटो आधी खिशात घाला साहेब, मग बोलू — ट्रक तुमचा, हौस तुमची, सगळं कबूल, पण या बंपरवर भलत्याच तुकडीचा आकडा माझ्या हातून पडायचा नाही. सगळ्यांना तीच तुकडी हवी असते हो, सिनेमात दाखवली ना, ती! खऱ्या लढाईत तिच्या गाड्या होत्या साठ, आणि आज जुन्या लष्करी गाड्यांच्या मिरवणुकीत तिच्या नावाने फिरतात दोनशे — गाड्यांना पिल्लं झाली की काय? हसा, हसा. चाळीस वर्षं लढाईतल्या गाड्या रंगवतोय, एकदाही खोटी खूण काढली नाही. डावीकडे दलाची खूण, उजवीकडे तुकडीचा आकडा — गाडीचं आडनावच म्हणा की ते. आणि दुसऱ्याचं आडनाव लावून मिरवायची हौस कशाला?

इकडे या, दाखवतो. जरा वाकावं लागेल, तुमचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. हे वर्तुळ दिसतंय, बशीएवढं? रंग खरवडायच्या आधी ओल्या पॉलिश पेपरने एवढीच जागा घासायची, हळू, बोटाच्या टोकाने — घाई केली की संपलं, खालचं सगळं पुसून जातं. हा निळा बघा, कुणा दूधवाल्याचा असेल. त्याखाली लाल, अग्निशमनवाल्यांचा. मग लष्करी हिरवा, आणि हिरव्यावर पांढरा आकडा — एकशे चौऱ्याऐंशी. परवा सकाळी सापडला. परवापासून मी — नाही, काही नाही, कंबर धरलीय.

काय म्हणालात? आठ वेडावाकडा आहे? डोळे चांगले आहेत तुमचे. वेडावाकडा नाही, उलटा आहे. इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक दोन गोळे, खालचा किंचित मोठा, म्हणजे आकडा बसल्यासारखा दिसतो. यात मोठा गोळा वर गेलाय. पत्र्याचा साचा उलटा धरला की असं होतं. माझा दादा असाच धरायचा. लहानपणापासून! बाबा पाट्या रंगवायचे, आम्ही दोघं हाताखाली, आणि दादाच्या प्रत्येक आठाला डोक्यात टपली ठरलेली — अरे, आठाला डोकं जड झालंय, पडेल तो! सुधारला नाही. लष्करात गेला तोही आकडे रंगवायलाच. तिथे काय, शेकडो गाड्या, कोण बघतंय आठाकडे?

हो, कुणीही उलटा धरेल, मीही परवा तेच म्हणालो स्वतःला. पण साच्यामुळे आकड्यात या बारीक फटी राहतात ना, त्या लष्करात कुणी भरत नाही, तेवढा वेळ कुणाला? इथे भरल्यात, ब्रशने, आणि फराटा उजवीकडून डावीकडे गेलाय. दादा डावखुरा होता. आता कुणाला सांगू की हे त्याचं नाही?

तर दादाच्या हातची गाडी मिळाली, आनंद व्हायला हवा, असंच ना? होईल की. पण ही एकशे चौऱ्याऐंशी — थांबा, ते जाड पुस्तक द्या, सगळ्या तुकड्यांच्या खुणा आहेत त्यात. बघा, ही तुकडी उभी केली मार्चमध्ये. आणि दादा गेल्याचं पत्र आम्हाला आलं ऑक्टोबरात, आधीच्या ऑक्टोबरात. पुलावर बॉम्ब पडला, त्याची अख्खी तुकडी जळाली, असं लिहिलं होतं. आई ते पत्र उशाखाली घेऊन झोपायची. मग सांगा, मेलेल्या माणसाने पाच महिन्यांनी हा आकडा कसा काढला? इस्पितळात असेल, कागद इकडचे तिकडे झाले असतील — आणि पत्र लिहायचा त्याला कायमचा कंटाळा. दुनियेच्या पाट्या रंगवेल, पण घरी चार ओळी? दोन वर्षांत दोन पत्रं!

घरात कुणाला दाखवलं का? आहे कोण घरात — आम्ही दोघंच. ही आहे, आत चहा टाकतेय. ही... दादाचं लग्न होऊन वर्षच झालं होतं तो लढाईवर गेला तेव्हा. पत्र आलं, वर्ष सरलं, आईच म्हणाली, पोरीने जायचं कुठे, घरातच राहू दे. मी नाही म्हणालो नाही. खरं सांगू? म्हणायचंच नव्हतं. वहिनी म्हणायचो तिला मी, मग कितीतरी महिने काहीच म्हणायचो नाही. चांगली आहे हो फार. साचे अजून तीच कापते — हा आठ ती दहा फुटांवरून ओळखेल.

लढाई संपली त्या वर्षीची गोष्ट. दुपारची वेळ, ही इथेच साचे कापत बसली होती, आणि समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा. खांद्यावर पिशवी, वाळून काटकी झालेला. आमच्या पाटीकडे बघत होता. मग आत बघायला लागला — हिच्याकडे, हिच्या पोटाकडे, सातवा चालू होता तिला. असतात हो, लढाईवरून आलेले असे पुष्कळ हिंडत होते तेव्हा. दादा तर मेला होता, कागद होता तसा! मी उठलो आणि खिडकी लावून घेतली. ती म्हणाली, का लावली? म्हटलं, ऊन येतंय. पुन्हा उघडली तेव्हा कुणी नव्हतं. पिशवी त्याने डाव्या खांद्यावर... नाही. मला आठवत नाही. कागद होता ना साहेब! इतकी वर्षं मी त्या कागदावर झोपलो, आणि परवा या आठाने —

कपबशा वाजल्या. आली ती. तुमचा फोटो कुठंय? काढा, काढा लवकर. हीच ना तुकडी, सिनेमातली? छान आहे, शोभून दिसेल. तो हिरवा डबा सरकवा पायाशी, तोच, आणि रुंद ब्रश — अगं, तिथेच ठेव चहा! इथे रंग ओला आहे, इकडे येऊ नकोस! — नाही, थर वगैरे काही घासायचं नाही आता, सरळ वरून देतो. सोमवारी गाडी घेऊन जा. निघा तुम्ही. आणि जाताना रस्त्याकडची ती खिडकी ओढून घ्या. ऊन येतंय.