झोफ्काची उशी

दर गुरुवारी इद्रिया गावच्या वाचनालयात लेस विणणाऱ्या बायका सरावाला जमत. नवखी दार्या आपल्या दोऱ्यांचा गुंता सोडवत होती, पण कान शेजारच्या टेबलाकडे होते. तिथे हात प्लास्टरमध्ये असलेली झोफ्का नवऱ्याला शिकवत होती. खाणीतून निवृत्त झालेल्या त्सिरिलच्या मांडीवर तिची विणायची उशी होती. त्या उशीवर अर्धवट लेस टाचलेली होती, रविवारी नातीच्या बाप्तिस्म्याच्या टोपीला लावायची.

“फुली घाल. आता पीळ दे. अरे, दोरा ओढतोयस की बैल?”

“खाणीत कुणी माझ्यावर इतकं ओरडलं नव्हतं.”

“खाणीत तू इतका घामही गाळला नसशील.”

“चुकलं वाटतं. उलगडू?”

“उलगड. माझ्या नातीच्या टोपीला भोकं नकोत.”

“अगं, लेस म्हणजे भोकंच ना?”

शेजारची पावला पोट धरून हसली. “काही म्हण झोफ्का, याच्या हाताला वळण मात्र लागलंय हो.”

“ऐकलंस? आणि आता सोमवारी तुझं प्लास्टर निघणार. संपली माझी नोकरी.”

“कुणी सांगितलं संपली? सोमवारी तसंच दुकानात जाऊ. नवी उशी घ्यायचीय.”

“माझ्यासाठी?”

“माझ्यासाठी. ही आता तुझ्या हाताला सरावलीय.”

त्सिरिल पुन्हा दोऱ्यांकडे वळला. मग हळूच म्हणाला,

“रविवारपर्यंत होईल ना गं?”

“असा बोलत बसलास तर नाही व्हायची.”