गाडी थांबत न्हाय

...आता मला सांगा, थांबत न्हाय म्हंजे काय? कुठलीबी गाडी कधीतरी थांबतीच की! उतारावर थांबत नसंल, चढावर थांबंल, ब्रेक मारून थांबत नसंल, तेल संपल्यावर थांबंल! पण आमच्या निशिगंधानं, म्हंजे आमच्या मंडळींनी, ऐन रविवारी सकाळी, मी गॉगल पुसत बसलोय, तर पदर खोचून सांगून टाकलं, "त्या गाडीत मी बसणार न्हाय. तुमची गाडी थांबत न्हाय!" आणि गेली आत. कुठं थांबत न्हाय, कशी थांबत न्हाय, काय तपशील? काय न्हाय!

तुम्हाला सांगतो, जीप आमच्या वडलांची, आण्णांची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हंजे घरात तिचा मान थोरल्या भैनीचा. आण्णा होतं तोवर गरिबागत चालायची. मळ्यातनं घरात, घरातनं मळ्यात. आण्णा गेलं, गाडी माझ्याकडं आली, आणि मला वाटलं, हिला जरा रुबाब पायजे. बापानं नाव सम्राट ठेवलंय, बारक्या टायरीवर कसा फिरू? बसिवल्या चारी टायरी, ह्या अशा, कमरंएवढ्या! मंगळवार पेठेत शिरलो तर पोरं कट्ट्यावरनं उठून उभी! "नाद खुळा, सम्राटदा!" आणि आवाज? डांबरी रस्त्यावर नुसतं घूंऽऽऽ! मैलभर आधी कळतंय, सम्राट आला, रस्ता मोकळा करा! करावाच लागतोय हो... कारण ब्रेक आण्णांच्या टायमाचं, टायरी माझ्या टायमाच्या. दोघांचं पटंना.

उचगावच्या चौकात हवालदारानं हात केला. मी दाबला ब्रेक. गाडी त्याच्या म्होरनं चालली, मी जाता जाता नमस्कार केला, आणि चाळीस पावलांवर जाऊन थांबलो. ते बिचारं चालत आलं. "पावणं, मी हात तिथं केलता." म्हटलं, "सायेब, मी ब्रेकबी तिथंच मारलाय की!"

दर रविवारी आम्हा दोस्तांची फेरी असती. उचगावावरनं हुपरी, हुपरीच्या म्होरं माळ, तिथं चिखलात, दगडात गाडी घालायची. आता हुपरी म्हंजे माझी सासूरवाडी, घर रस्त्यालाच. पण गाडी एकदा लयीत आली की मधी कोण थांबतंय? एक हॉर्न मारायचा, पों पों! सासूबाईंना कळतंय, जावई गेला.

तर सांगत काय होतो... बाजूची सीट मोकळी पडली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. बायकोच बाजूला न्हाय तर रुबाब दावायचा कुणाला? गेलो उचगावला, अनेकांतच्या गॅरेजला. नाव अनेकांत, पण मत एकच! गाडीभोवती एक फेरी मारली, हात पुसलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "दादा, टायरी बारक्या करा." म्हटलं, ते सोडून बोल. "मग असं बघा, फिरतं चाक कडंला धरून थांबवाय सोपं, मधी धरून थांबवून बघा! ब्रेक मधी हाय, आणि तुम्ही कड लांब नेऊन ठेवलीय. वर चाक जड. एकदा फिराय लागलं की कुणाचं ऐकत न्हाय." म्हटलं, आमच्या घरातबी तसंच हाय, तू उपाय सांग!

ड्रम उघडलं. आतली लायनर झिजून पापडागत झालीती. नवी घातली. मग ब्रेकच्या पायपातली हवा काढायची. ते खाली आडवं पडून वरडतंय, "दाबा!" मी दाबतोय. "सोडा!" सोडतोय. "दाबा! सोडा! दाबा म्हटलं की!" अर्धा दिवस! जन्मात कुणाचं एवढं ऐकलं न्हवतं. घरी येऊन म्हटलं, "निशे, ब्रेक झाला." ती भाकरी थापतीया. "थांबती?"

"थांबती की!"

"कुठं थांबती?"

"म्हंजे... जरा म्होरं जाऊन."

"मग थांबत न्हाय."

परत अनेकांत! "दादा, टायरी बा..." म्हटलं, गप! मास्टर सिलेंडर बदलला, बूस्टर बसिवला, म्हंजे पायाच्या जोराला इंजनाचा जोर मिळतोय, नुसता अंगठा टेकला तरी काम. पुढच्या दोन्ही चाकांचं ड्रम काढून डिस्क घातल्या. आणि काय सांगू तुम्हाला, उचगावच्या चौकात तोच हवालदार उभा, मी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी त्याच्या बुटापाशी टक्क! ते दचकून म्हणतंय, "पावणं, आज मी हातबी केला न्हवता!"

मग काय! घरी जाऊन म्हटलं, बस आता. पाट ठेवून चढली एकदाची. निघालो हुपरी रस्त्यानं, घूंऽऽऽ! गतिरोधक आला, टक्क. म्हस आडवी आली, टक्क. मी दर टक्कला तिच्याकडं बघतोय. ती म्होरं रस्त्याकडं! हुपरी आली, सासूरवाडीचं दार आलं, मी सवयीनं पों पों केलं आणि निघालो म्होरं. तशी ती हळूच म्हणाली, "बघा. थांबत न्हाय."

मी कच्चकन दाबला. गाडी जाग्यावर! "आगं, ही काय थांबली!"

"आईच्या दारात थांबत न्हाय, म्हणती मी. पयल्यापासनं तेच सांगती हाय की! आई पैंजणाचं काम करत बसल्याली असती. तुमच्या टायरींचा आवाज तिला गावच्या येशीपासनं येतोय. हातातलं काम ठेवती, उठून चहाचं आधण टाकती. आणि तुम्ही पों पों करून जाता. मग तो चहा शेजारच्या धोंडुबाई पित्यात. दोन वर्सं झाली, तुमचा चहा धोंडुबाई पित्यात!"

लाज वाटली हो. बूस्टर घातला, डिस्क घातल्या, अर्धा दिवस दाबा-सोडा केलं, आणि घरात एकदा विचारलं न्हाय, की बाई, कुठं थांबू? घेतली गाडी मागं. शालूबाई, म्हंजे आमच्या सासूबाई, दारात उभ्या, हातात अर्धं पैंजण तसंच. म्हणाल्या, "ब्रेक लागंना व्हय, पावणं?" म्हटलं, "लागला मामी. आत्ताच लागला."

तवापासनं दर रविवारी गाडी हुपरीत थांबती. बाजूची सीट भरल्याली असती. पयला चहा, मग "पोहं खाऊन जावा", मग "जेवल्याबिगार सोडायची न्हाय", मग मामींना बाजारात न्यायचं, मग धोंडुबाईंना लेकीकडं सोडायचं! तिकडं माळावरनं दोस्त फोन करत्यात, "सम्राटदा, कुठं रुतलास?" काय सांगू, सासूरवाडीत?

परवा वैतागून मामींच्या दारातनंच अनेकांतला फोन लावला. म्हटलं, "भावा, ब्रेक लय भारी केलास. गाडी थांबती. खरं आता सासूरवाडीतनं हलत न्हाय! ह्याला काय करायचं?"

ते मऊ आवाजात म्हणालं, "दादा, टायरी बारक्या करा. सासूबाईंपर्यंत आवाजच पोचणार न्हाय."

पयल्यांदाच पटलं बघा त्याचं! फोन ठेवला, आत बघितलं, तर आधण उकळतंय, आणि धोंडुबाई माझ्याबी आधी येऊन कप घेऊन बसल्यात... आता तुम्हीच सांगा, टायरी काढून त्या म्हातारीचा चहा कसा तोडू?