करीमभाईंची उताणी सायकल

वरोऱ्याच्या बंधूंनो, बायांनो, आणि समोर बसलेल्या रशिदाबाई, आमच्या करीमभाईंच्या भगिनी,

माझा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. बाजाराच्या गोंगाटावरही तो चढतो. आज तो चढणार नाही. सांभाळून घ्या.

करीमभाई मिस्त्री गेले. ज्याची सायकल त्यांच्या हाताखालून गेली नाही, असा माणूस या सभेत नसेल. पण त्यांच्या दुकानामागच्या टिनाच्या छपरात किती जण गेले? मी गेलो होतो. चार वर्षांपूर्वी चिमूरच्या सभेला निघालो आणि चाक पंक्चर झालं, तेव्हा.

तिथं पाच सायकली होत्या. पाचही उताणं पडून चालवायच्या. पाठ टेकायची, पाय समोर लांब करायचे आणि पायडल मारायचं. एकीला बुरडानं विणलेली बांबूची बैठक. एकीचं हँडल मांडीखाली. झाडावरून पडून करीमभाईंची कंबर गेली होती. साध्या सायकलवर बसवत नव्हतं, म्हणून पहिली बनवली.

"अन् बाकीच्या चार?" मी विचारलं.

"त्या शौकापायी, भाऊ," ते लाजून म्हणाले.

आपण त्या सायकलींना काय नाव दिलं? तिरडी. रस्त्यानं उताणा जातो तो मेलेलाच, असं आपण ठरवून टाकलं. करीमभाई दिसले की कामाला निघालेला माणूस घरी परतायचा, पाणी पिऊन पुन्हा निघायचा. ते हसायचे. म्हणायचे, "अरे, मुर्दा कधी घंटी वाजवते का?"

त्यांची एकच इच्छा होती. आपल्याशिवाय आणखी एका माणसानं ही सायकल दिवसाढवळ्या बाजारातून चालवावी. एकानं. फक्त एकानं.

त्या दिवशी ते मला म्हणाले, "बसा, भाऊ."

मी म्हणालो, धोतर साखळीत अडकेल.

ते म्हणाले, "सभेत लोकायले सांगता, भिऊ नका. मंग तुम्हीच काऊन भिऊन राह्यले?"

मित्रहो, शकुन-अपशकुनांवर मी याच गावात किती वेळा कडाडलो? तुम्ही टाळ्या दिल्या. आणि एका सायकलीपुढे मी धोतराआड लपलो. पुढच्या खेपेला बसतो, म्हणालो. चार वर्षं ती खेप आली नाही. गेल्या आठवड्यात ताप आला आणि तिसऱ्या दिवशी करीमभाई गेले.

आज सकाळी रशिदाबाईंनी छपराचं कुलूप काढून दिलं. बांबूच्या बैठकीची सायकल घेऊन मी भर बाजारातून इथं आलो. दोनदा पडलो. धोतर खरंच साखळीत अडकलं. करीमभाई, मी सांगितलेली अडचण खरी होती. पण मी थांबलो होतो ते तिच्यामुळे नाही, हे तुम्हाला कळलं होतं.

वाटेत मला पाहून एकानं दार लावून घेतलं. तो आवाज मी एकदा ऐकला. त्यांनी तो रोज ऐकला.

सायकल बाहेर चिंचेखाली उभी आहे. आता आपण उठू या आणि गप्प उभे राहू या. रशिदाबाई बाहेर जातील. त्या घंटी वाजवतील, तेव्हाच खाली बसा.