चाळणीत वर राहिलेल्या पेशी

पुरवणी जबाब, दिनांक १२ डिसेंबर २०२४, वेळ दुपारी ४.१०

मी, सिद्धाराम ईश्वरप्पा शेटे, वय ४३ वर्षे, धंदा संशोधन, मूळ राहणार सिरसाळा, ता. परळी, हल्ली मुक्काम बीड, कुणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन सांगतो की, काल मी याच टेबलासमोर बसून चोरीची फिर्याद दिली होती. ती मी मागे घेत आहे. त्या फिर्यादीत अक्कल सोडून सगळं होतं. हे वाक्य लिहायचं का, असं हवालदार शिवकांता मॅडम यांनी विचारलं. मी लिहा म्हणालो.

शहराबाहेर कपिलधार रस्त्याला माझी लहानशी प्रयोगशाळा आहे. तिथे आम्ही मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, रक्तवाहिनीच्या पेशी तयार करतो. मूलपेशी म्हणजे मोठं होऊन काय व्हायचं हे जिचं अजून ठरलेलं नाही ती. तिला औषधपाणी देऊन अकरा दिवस वळण लावावं लागतं. सगळ्याच वळणावर येत नाहीत, घरोघरी हेच. म्हणून शेवटी निवड करतात. रक्तवाहिनीच्या पेशींनाच तेवढे लोखंडाचे अतिबारीक कण चिकटवायचे आणि सगळं मिश्रण चुंबकात बसवलेल्या एका नळीतून ओतायचं. नको त्या पेशी खाली भांड्यात गळतात. हव्या त्या नळीत अडकून राहतात. नंतर नळी चुंबकातून काढून धुतली की शुद्ध पेशी मिळतात. हे मला चांगलं माहीत आहे. माझी पीएच.डी. याच विषयात आहे.

मला सोप्या भाषेत विज्ञान सांगायची खोड आहे. शाळाशाळांतून व्याख्यानं देतो, शाल-नारळ घेऊन घरी येतो. प्रत्येक ठिकाणी मी त्या नळीला चाळण म्हणतो, कारण बायामाणसं लगेच माना डोलावतात. आमचा तंत्रज्ञ परमेश्वर रामहरी खेडकर, वय २८, राहणार चकलांबा, याने मला दोन वेळा सांगितलं होतं की चाळण म्हणू नका, सूप म्हणा, सुपात उरतं ते आपलं असतं. मी त्याला म्हणालो की उपमांचं माझ्यावर सोड आणि तू नळ्या धू. सिरसाळ्याला आमच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. चाळण आणि सूप यांच्या मधोमध मी लहानाचा मोठा झालो, एवढं नोंदवून ठेवावं.

दिनांक १० रोजी अकरावा दिवस होता. परमेश्वर रजेवर होता. सकाळी ११ वाजता मी नळी लावून मिश्रण ओतायला घेतलं. ११.२० वाजता एका मोबाईलवरच्या बातमीवाल्याचा माणूस माझी मुलाखत घ्यायला आला. मी हातमोजे काढले, केस नीट केले आणि आमच्या मदतनीस भिवराबाई, वय ५६, यांना सांगितलं की मावशी, ही चाळण आहे, उरलेलं हळूहळू ओता, चांगलं ते झाकून ठेवा, बाकीचं कचऱ्याच्या लाल पिशवीत टाका. मुलाखत पंचवीस मिनिटं चालली. विषय होता संशोधनातील एकाग्रता. परत आल्यावर भिवराबाईंनी झाकून दिलेलं भांडं मी न बघता उबेच्या पेटीत ठेवलं आणि जेवायला गेलो.

दिनांक ११ रोजी सकाळी ९ वाजता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. रक्तवाहिनीच्या पेशी फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना लागून असतात. इथे सगळ्या लांबट, कुसळासारख्या, तोंड वळेल तिकडे गेलेल्या. आपली एकही नाही. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. माझं डोकं फिरलं. भिवराबाईंना मी फक्त एवढंच विचारलं की काल कुणी येऊन गेलं का. त्या म्हणाल्या, परमेश्वर आला होता, पाच मिनिटं. परमेश्वरची सरकारी रुग्णालयात निवड झाली आहे, सोमवारी रुजू व्हायचं आहे. हा जाताजाता माझ्या पेशी घेऊन गेला आणि जागी दुसऱ्या ठेवल्या, असं मी ठरवून टाकलं. त्याला एक फोनसुद्धा केला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि दुपारी १ वाजता फिर्याद दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात. इथे चोरच नव्हता, तरी मी संन्यासी शोधून दिला.

आज सकाळी ८ वाजता परमेश्वरला चकलांब्याहून पोलिसांच्या जीपमधून आणलं. गावाने ते पाहिलं. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद याच आठवड्यात जायचा आहे. माझी फिर्याद नोंदीवर राहिली तर त्याची नोकरी गेली. हे मला काल सही करतानाही माहीत होतं. या गोष्टीची मला लाज वाटते.

आज दुपारी १२ वाजता प्रयोगशाळेत पंचनामा झाला. नळी कशी चालते ते मॅडमनी विचारलं. मला तेवढंच पाहिजे होतं. मी पंचांसमोर व्याख्यान चालू केलं, ही एक प्रकारची चाळण आहे म्हणालो, खाली गळतं ते टाकायचं म्हणालो. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या भिवराबाई पुढे येऊन म्हणाल्या, "मंग मला चाळण हाय म्हणून कावून सांगितलं? चाळणीत वर ऱ्हातो त्यो कोंडा, सर. कोंडा कोण ठिवून घेतंय? म्या पीठ झाकून ठिवलं, कोंडा नळीसकट लाल पिशवीत टाकला."

पंच हसले. मॅडम मान खाली घालून लिहीत राहिल्या. लाल पिशवी दहा तारखेलाच संध्याकाळच्या कचऱ्याच्या गाडीने गेली होती. अकरा दिवसांच्या माझ्या सगळ्या शुद्ध पेशी तिच्यात होत्या. भिवराबाईंचा यात काही दोष नाही. त्यांना चाळायला सांगितलं, त्यांनी उत्तम चाळलं.

तरी मी सांगतो की, पेशींची चोरी झालेली नाही. परमेश्वर रामहरी खेडकर याने काही चोरलेलं नाही, बदललेलं नाही, लपवलेलं नाही. तो दिनांक १० रोजी स्वतःची प्रमाणपत्रं न्यायला आला होता. चूक माझी आहे, एकट्याची. या जबाबाची एक प्रत त्याच्या पडताळणीच्या कागदाला जोडावी, ही विनंती.

मी बाहेर जाऊन परमेश्वरची माफी मागितली. तो म्हणाला, "माफीचं ऱ्हाऊ द्या, सर. कागदावर काय लिवलं ते सांगा." त्याची आई सुभद्राबाई सकाळपासून डबा घेऊन व्हरांड्यात बसून आहेत. गावचे सात-आठ जणही आले आहेत, काही काळजीने, काही बघायला. म्हणून हा जबाब आत न वाचता बाहेर सगळ्यांसमोर वाचावा असं मी म्हणालो. मॅडमनी साहेबांना विचारून परवानगी दिली.

वरचा मजकूर व्हरांड्यात मोठ्याने वाचला, मी उभा राहून ऐकला, मी बोललो तसाच उतरला आहे. वाचून झाल्यावर सुभद्राबाई म्हणाल्या, "त्यानं काई चोरलं न्हाई म्हणून लिवलंय ना, तेवढंच आजून एकदा वाचा. मागची माणसं आत्ता आलीत." मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. तेवढं मी वाचलं. मागचे लोक ऐकू आलं नाही म्हणाले, म्हणून परत वाचलं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा परमेश्वर उठून म्हणाला, "बास करा, सर. आई, चल घरी."

समक्ष
सही, सिद्धाराम ईश्वरप्पा शेटे