वर अडकलेली ऊब

लॉन्ड्रीवाल्या काकूंचा अर्ज फेटाळला गेला. पण तसं काही घडलंच नाही असं समजू. काकू आत्ता कुठे नगरपालिकेत अर्ज देण्याच्या रांगेत उभ्या आहेत आणि मागे लॉन्ड्रीशेजारच्या डेटा सेंटरचा इंजिनियर.

“भाऊ, तुमची यंत्रं खरंच अंतराळात चालली?”

“चालली, काकू.”

“मग तुमच्या मागच्या भिंतीतून येणारी गरम हवा? माझ्या सगळ्या चादरी तिच्यावर वाळतात हो!”

“ती बंद होणार.”

“तुमच्या यंत्रांच्या आवाजाची पहिली तक्रार मीच केली होती. तेव्हाच जीभ झडली असती तर! वर तरी सुखात राहतील का ती यंत्रं?”

“कसलं सुख! वर वाराच नाही. यंत्रं तापली की उष्णता जाता जात नाही. सगळं घोडं तिथेच अडलंय.”

“मग लिहा माझ्या या अर्जात: वर अडकलेली उष्णता दर सोमवारी सकाळी आमच्या दोरीवर सोडण्यात यावी, ही नम्र विनंती.”