कृष्णकांतचा कान

...आणि वर म्हणतात, पोहण्यासारखा व्यायाम नाही, सांध्यांना त्रास म्हणून नाही! तुम्हाला सांगतो, हे म्हणणाऱ्याला एकदा वॉटरपोलोत उतरवा. आमच्या सुधींद्रची बोटं बघा, करंगळी एकीकडे, अनामिका दुसरीकडे, रसमभात कालवला की निम्मं रसम फटीतून पानावर... पाण्यात उभं राहायला पाय फिरवून फिरवून गुडघे खिळखिळे, खांदा तर फळीवरचा डबा काढतानाही कुरकुरतो. काठावर पंच शिट्टी घेऊन उभा, पण खाली लाथा, चिमटे, चड्डीची ओढाओढ... पाण्यात कोण बघतंय?

पण त्याला छळतं ते स्वतःचं दुखणं नव्हेच. सहा वर्षांपूर्वी इथं चेन्नईतच राज्याच्या संघाची निवड चाललेली, कृष्णकांत चेंडू घेऊन गोलाकडे निघालेला आणि त्याला अडवायला मागं दोघं, सुधींद्र आणि गुरुमूर्ती. टोपीला कानावर प्लास्टिकच्या वाट्या असतात ना, कृष्णकांतची एक सरकली होती. सुधींद्रनं ती पाहिली. पाहिली, आणि उघडा पंजा नेमका तिथंच हाणला. फट्! आणि बुडी मारून पार लांब निघाला. पाण्यात कोण बघतंय?

पडदा फाटला, तो कान कायमचा गेला. सुधींद्रची निवड झाली, घरी पायसम झालं... आणि तेव्हापासून तो आवाज मागं लागला. बसचं दार आपटलं, फट्. बँकेत शेजारच्यानं शिक्का मारला, फट्. जेवताना बायकोनं, विद्यालक्ष्मीनं, पापडासारखं कुरकुरीत अप्पळम मोडलं की हा भरल्या पानावरून उठायचा. अप्पळम मोडलं म्हणून कोणी उठतं का हो? तिनं तळणंच बंद केलं. शेवटी दीड महिन्यापूर्वी तिनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "जाऊन सांगा. नाहीतर मी सांगते."

गेला. टी. नगरला कृष्णकांतचं साड्यांचं दुकान, आडी महिन्याचा, म्हणजे आपल्या आषाढातला सेल, पाय ठेवायला जागा नाही, आणि हा नेमका बहिऱ्या बाजूला उभा राहिला. हळूच, डोळे मिटून, सगळं कबूल केलं, घाम पुसला... आणि कृष्णकांत वळून विचारतो, काय रे, कधी आलास? मग दुसऱ्या बाजूला जाऊन, गर्दीच्या वर आवाज काढून पुन्हा:

"तुझा कान मी फोडला. मुद्दाम."

चार बायका हातात पदर धरून तशाच थांबल्या.

कृष्णकांत साडीची घडी घालत राहिला. तीच घडी, तीनदा.

"मी वळलो तेव्हा मागं गुरुमूर्ती होता," तो म्हणाला. "डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्यात उतरू नकोस. तरी कानात बोळा घालून एक मॅच खेळलो. तेवढ्यासाठीच. त्यानं फेकायला हात उचलला, मी मागून ओढला. खांदा निखळला त्याचा."

"आणि पंच?"

"पाण्यात कोण बघतंय?"

आता तुम्हाला सांगतो, गेले चार रविवार हे दोघं अड्यारला गुरुमूर्तीच्या घरापर्यंत जातात. फाटकाशी उभे राहतात. हा म्हणतो तू आधी, तो म्हणतो सुरुवात तुझी... तेवढ्यात गुरुमूर्ती बाल्कनीत येतो, जुने दोस्त बघून खुलतो, वर या म्हणून हात हलवतो. डावा. उजवा वर जात नाही ना. हे दोघंही हात हलवतात, आणि कोपऱ्यावर कॉफी पिऊन घरी येतात.